भूगोलशी अबोला

६ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. दिवसभर एवढं निरीक्षण डोक्यात साचतं आणि पुरतं ऐकून घेणारा माणूस एक सापडत नाही, मग ते उतरवायचं कुठे? ही वही फक्त माझ्यासाठी. संकल्प तीन. 'सामाजिक आंतरक्रिया' या माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण, 'ऐकण्याची कला', महिनाअखेर हातावेगळं करणे. चिडचिड बंद. भूगोलशी अबोला चालूच.

लिहिताना वाटलं, दुसरा आणि तिसरा संकल्प एकमेकांच्या पायात येतायत. येत नाहीत. चिडचिड हा स्वभाव, अबोला ही भूमिका.

त्याच दिवशी, संध्याकाळ

अबोल्याची पार्श्वभूमी, नोंद म्हणून. मी कॉलेजात बावीस वर्षं समाजशास्त्र शिकवतोय. भूगोलाचे सर (यापुढे नुसता 'भूगोल') त्यातली एकोणीस वर्षं स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत. तो माझ्या डाव्या हाताला, मी त्याच्या उजव्या. ११ एप्रिलला मी सगळ्या स्टाफसमोर 'ऐकण्याची कला' यावर व्याख्यान दिलं. पावणेदोन तास, एकही मुद्दा न गाळता. पहिल्या रांगेत बसून भूगोल झोपला. झोपला तर झोपला, घोरला! मी माईकवरूनच म्हणालो की काही श्रोते आमच्या विषयाचं उलटं प्रात्यक्षिक दाखवतायत. सगळे खो खो हसले. तो दचकून जागा झाला, इकडेतिकडे पाहिलं आणि तोही हसला. वर टाळ्या वाजवल्या. माफी नाही, काही नाही.

त्या दिवसापासून अबोला. सात महिने होत आले. तो आधी बोलला की मी लगेच माफ करणार आहे. वाक्यसुद्धा तयार आहे: जाऊ द्या हो सर, चहा घेऊ. पण आधी त्याने.

चौथं प्रकरण: एक वाक्य झालं. 'ऐकणे म्हणजे केवळ कानांनी ऐकणे नव्हे.' छान जमलंय.

८ नोव्हेंबर

अबोला पाळणं सोपं नाही. लोकांना वाटतं तोंड मिटलं की झालं. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाकडे सात महिने न पाहणं ही साधना आहे. माझी मान उजवीकडे वळून वळून आखडली. हिने मलम लावून दिलं आणि असं कशाने झालं म्हणून विचारलं. वाचनाने, असं सांगितलं.

व्यवहारापुरते निरोप मी मावशींमार्फत देतो. मावशी म्हणजे आमच्याकडे झाडलोट, चहापाणी, घंटा सगळं बघणारी बाई. आज उकडत होतं. मी म्हणालो, मावशी, त्यांना सांगा पंखा वाढवायला. बटण भूगोलच्या डोक्यावर आहे. तर मावशी मुद्दाम टेबलाला वळसा घालून त्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडल्या. अहो, निरोप द्यायचाय, दवंडी नाही पिटायची! निरोप्या अति उत्साही असला की निरोपाचं वजन जातं. प्रकरण पाचमध्ये घ्यायचा मुद्दा.

भूगोलने उठून पंखा वाढवला. मग पिशवीतून मफलर काढून कानाला गुंडाळला. नोव्हेंबरात मफलर! आणि माझ्याकडे बघून हसला. हसणं हासुद्धा टोमणाच असतो, अशाब्दिक. मी समोरच्या वेळापत्रकाकडे पाहत राहिलो.

९ नोव्हेंबर

ही जेवताना भूगोलच्या बायकोबद्दल काहीतरी सांगायला लागली. ही नर्स आहे, हिला ओपीडीत सगळं गाव भेटतं. भूगोलची बायको परत आली होती, त्याचं काहीतरी, असं सुरू झालं. मी हात वर केला. त्या घराचं नाव या घरात नको. ही म्हणाली की अहो, निदान ऐकून तर घ्या, हे मी मार्चपासून तुम्हाला सांगतेय. मी म्हणालो, मी ऐकण्यावरच लिहितोय, मध्ये मध्ये बोलू नकोस. ही ताट उचलून उठून गेली.

चौथं प्रकरण: तेच वाक्य. 'केवळ' काढावं का?

११ नोव्हेंबर

आज मोठी घडामोड. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावलं. मोठी स्टाफरूम मोडून तिथे कॉम्प्युटर लॅब होणार. आम्हा पंधरा जणांना वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या वाटून द्यायच्या. त्यातली एक कोपऱ्यातली, दोन्ही बाजूंनी खिडक्या. मग काय, गदारोळ. कॉमर्सला जिना चढवत नाही. रसायनाचे सर गणिताबरोबर बसायला तयार नाहीत, कारण गणित मोठ्याने फोनवर बोलतं. इंग्रजीच्या मॅडमना कोपऱ्यातलीच खोली हवी. सगळे एकदम बोलत होते, ऐकत कुणीच नव्हतं. भूगोल तेवढा सगळ्यांकडे बघून मान डोलवत होता.

पन्नास मिनिटं मी ते पाहिलं आणि उभा राहिलो. म्हणालो, हा प्रश्न भांडून सुटायचा नाही, शास्त्राने सुटेल. सोशिओग्राम करू. प्रत्येकाने गुप्तपणे लिहून द्यायचं की मला कुणाबरोबर बसायला आवडेल. तीन नावं. मग मी कागदावर प्रत्येकाचं एक वर्तुळ काढणार, आणि ज्याने ज्याला निवडलं त्याच्याकडे बाण. कोण कुणाचं आहे ते आरशासारखं दिसतं. ज्याच्याकडे सर्वांत जास्त बाण, तो गटाचा 'तारा'. ज्याच्याकडे एकही नाही तो 'एकाकी'.

प्राचार्य म्हणाले, करा काय करायचं ते, पण पंचवीस तारखेच्या आत. पूर्ण अधिकार मिळाले आहेत.

१४ नोव्हेंबर

फॉर्म तयार. खाली ठळक सूचना: 'तीन वेगवेगळी नावे लिहावीत. सूचनेचे पालन न केलेला फॉर्म अवैध ठरेल.' सूचना स्पष्ट असली की माणसं चुकत नाहीत.

अंदाज नोंदवून ठेवतो, नंतर कुणी म्हणायला नको. तारा कोण, हा प्रश्नच नाही. बावीस वर्षांचा अनुभव. कुठल्याही विषयावर मार्गदर्शन करायला मी कधी नाही म्हटलेलं नाही, विचारलेलं नसतानाही केलंय. किमान नऊ बाण. इंग्रजी मॅडमना चारपाच. भूगोलला शून्य, फार तर एक. तो बोलतच नाही, तर त्याला निवडणार कोण?

म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीत मी, इंग्रजी मॅडम आणि रसायन. भूगोल जाईल गणिताच्या खोलीत. मग त्याला कळेल शेजार म्हणजे काय असतं ते.

१७ नोव्हेंबर

फॉर्म वाटले. माझाही भरला. इंग्रजी, रसायन, कॉमर्स. पहिल्या ओळीत पेनाने आपोआप 'भू' लिहिलं. एकोणीस वर्षांची सवय, दुसरं काही नाही. खोडलं. नवा फॉर्म घेतला.

भूगोलने फॉर्म लिहायला एक मिनिट घेतलं नाही. बाकीचे हाताने झाकून झाकून लिहीत होते.

१८ नोव्हेंबर, दुपार

मोजणी सुरू. गुप्तता काटेकोर पाळतोय. फॉर्मवर नाव नाही. आता बावीस वर्षांत प्रत्येकाचं अक्षर ओळखू येऊ लागलंय त्याला मी काय करणार?

एक फॉर्म मात्र बघून डोकंच फिरलं. बारीक, उभं, नकाशावर नद्यांची नावं लिहितात तसं अक्षर. एकोणीस वर्षं शेजारून पाहतोय, चुकायचं कारण नाही. आमच्याकडे नावाऐवजी विषय लिहायची पद्धत आहे. तीन ओळी आणि तिन्हींत एकच शब्द. समाजशास्त्र. समाजशास्त्र. समाजशास्त्र.

टिंगल! माईकवरच्या वाक्याचा सूड, सात महिन्यांनी, तोही शास्त्रीय पाहणीत! वर सूचना वाचायची नाही. तीन वेगवेगळी नावं, असं ठळक छापलंय. लाल पेनाने आडवं 'अवैध' लिहिलं आणि बाजूला ठेवला.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

मोजणी पूर्ण. वैध फॉर्म चौदा. भूगोल: अकरा बाण. इंग्रजी: आठ. रसायन: सहा. बाकीचे एक ते चार.

मी: मोजणीत कुठेतरी चूक आहे.

१९ नोव्हेंबर

पुन्हा मोजलं. तीनदा. हिच्याकडूनही मोजून घेतलं, कशाचे फॉर्म ते न सांगता. मी शून्य.

शांतपणे विचार केल्यावर उलगडा झाला. लोक मला घाबरतात असं नाही, मला मानतात. ज्याला फार मानतो त्याच्या शेजारी बसायची हिंमत होत नाही. शास्त्रात याला नाव असेल; नसेल तर मी देईन. 'अतिआदरजन्य शून्य'.

पण भूगोलला अकरा? का? मी सहज म्हणून इंग्रजी मॅडमना विचारलं की चांगला सहकारी कसा असावा. त्या म्हणाल्या, भूगोल सरांसारखा. त्यांच्यापाशी काहीही बोला, शांतपणे ऐकून घेतात, मान डोलावतात, मध्ये एक शब्द काढत नाहीत. मग मी त्यांना ऐकण्याच्या सात पायऱ्या समजावून सांगितल्या. चौथ्या पायरीला त्यांना तास असल्याचं आठवलं.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी परत

लाल शेऱ्याचा फॉर्म काढून पाहिला. एकच नाव तीनदा लिहिलं तर निदान एकदा धरता येईल का? एक बाण. एकाकी तरी राहणार नाही. पेन्सिलने बारीकसा काढूनही पाहिला. पण नियम मीच छापलाय. आणि त्याच्या टिंगलीच्या भिकेवर मला माझं वर्तुळ सजवायचं नाही. खोडला. शास्त्र म्हणजे शास्त्र.

२१ नोव्हेंबर

तक्ता भिंतीवर लावतो असं मीच सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं. कशाला केलं? लावला. भूगोलचं वर्तुळ मध्यभागी, बाणांनी साळिंदरासारखं झालंय. माझं खाली उजव्या कोपऱ्यात, लहानसं, आणि आत 'निरीक्षक' असं लिहिलं. बरोबरच आहे. निरीक्षक गटाच्या बाहेर असतो.

मावशी तक्त्यासमोर उभ्या होत्या. बोट ठेवून विचारलं की या गोलाकडे कुणाचीच रेघ कशी जात नाही. मी म्हणालो, ती खुणांची सूची आहे. त्या म्हणाल्या, मग त्या बिचाऱ्या सूचीला एखादी तरी रेघ द्यायची. मी त्यांना फळा पुसायला पाठवलं.

दुपारपर्यंत कुणीतरी माझ्या वर्तुळात दोन डोळे आणि उलटं तोंड काढून ठेवलं होतं.

२४ नोव्हेंबर

यादी प्राचार्यांना दिली. ज्यांच्यात बाण जास्त जुळतात ते एकत्र. कोपऱ्यातल्या खोलीत भूगोल, इंग्रजी, रसायन. स्वतःच्या हाताने लिहिलं. बाकी तीन खोल्याही भरल्या. माझं नाव कुठेच बसेना, कुठल्याही खोलीत घातलं तरी बाण जुळत नव्हते. मी ते रिकामं ठेवलं. वाटलं, प्राचार्य म्हणतील की अहो, असं कसं, तुम्ही तर कोपऱ्यातल्याच खोलीत हवेत.

प्राचार्य म्हणाले, बरं झालं, तुम्हाला पुस्तक लिहायला एकांत हवाच होता. तळमजल्यावर जुन्या सामानाची खोली आहे ती घ्या.

स्वतंत्र केबिन! पंधरा जणांत एकट्यालाच. हिला सांगितलं. हिने विचारलं, खिडकी आहे का. प्रश्न खिडकीचा नाही, असं मी म्हणालो.

१ डिसेंबर

स्थलांतर. केबिनमध्ये माझं टेबल, पाय मोडलेली तीन स्टुलं, तराजूचे दोन खोके, आणि भूगोल विभागाचा जुना पृथ्वीगोल. एका महासागरात पोचा पडलाय. खिडकी नाही. पंखा आहे. बटण माझ्या हाताशी. आता मावशींना निरोप द्यायची गरज नाही.

शेवटचं सामान काढताना भूगोल स्टाफरूमच्या दारात उभा होता. माझ्या खुर्चीकडे पाहत होता. मग माझ्याकडे बघून त्याने हात थोडा वर केला. मी वेळापत्रकाकडे बघायला गेलो तर वेळापत्रक काढून नेलेलं. नुसत्या भिंतीकडे बघत राहिलो.

४ डिसेंबर

आजच्या एकूण आंतरक्रिया: तीन. एक, झाडू इथे ठेवलाय का, असं मावशींनी विचारलं. दोन, एका विद्यार्थ्याने दार उघडलं, मला पाहिलं, सॉरी म्हणाला, दार लावलं. तीन, चहा. चहा वरून खाली येईपर्यंत गार होतो.

चौथं प्रकरण: 'केवळ' परत घातलं.

७ डिसेंबर

छे! इथे लिहिणं अशक्य. एवढ्या शांततेत माणूस लिहिणार कसा? स्टाफरूममध्ये शेजारी भूगोल असायचा. मी मोठ्याने वाचून दाखवायचो, तो मान डोलवायचा, मला वाक्य सुचायचं. अबोल्यातसुद्धा मी वाचत होतो. भिंतीकडे तोंड करून, पण त्याला ऐकू जाईल असं. तो मान डोलवतो का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं.

आज पृथ्वीगोलाला वाचून दाखवलं. हात लागला तर तो हलला. मान डोलावल्यासारखं वाटलं. आता मात्र हद्द झाली.

खरं ते लिहून टाकतो, ही वही कुणी वाचणार नाही. मला तो हवाय. शेजारी हवाय. डोकं उठलंय माझं या खोलीत.

८ डिसेंबर

निर्णय. अबोला मी एकतर्फी संपवणार. हा पराभव नव्हे. आठ महिने होत आले, त्याला पुरेशी शिक्षा झाली आहे. भाषण तयार केलं: तीन भाग. पहिला, अबोल्याची कारणमीमांसा. दुसरा, फॉर्मवरची टिंगल आणि तिच्यामुळे झालेलं शास्त्राचं नुकसान. तिसरा, क्षमा. पंचवीस मिनिटं. हिला सांगितलं नाही.

१० डिसेंबर

काय लिहू? क्रमाने लिहितो.

मधल्या सुट्टीत वर गेलो. कोपऱ्यातल्या खोलीत भूगोल एकटाच, दोन्ही कानांवर मफलर घट्ट गुंडाळून. चेहरा उतरलेला. मी नेहमीच्या सवयीने त्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो आणि बोलायला सुरुवात केली. कारणमीमांसा पूर्ण झाली. त्याने मान वळवली नाही. मी मनात म्हटलं, बघा माज! टिंगलीचा मुद्दा काढला, आवाज चढवला. तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग मी टेबलावर हात आपटला.

त्याने वळून पाहिलं आणि चेहरा उजळला. अरे सर, कधी आलात, म्हणाला. खुर्ची ओढली, मफलर सरकवला आणि मला डाव्या बाजूला बसवलं. म्हणाला, इकडून बोला सर, तो कान गेला ना.

कुठला कान, मी विचारलं.

तो म्हणाला की उजवा. गेल्या हिवाळ्यापासून. फेब्रुवारीपासून तर त्या बाजूने काहीच नाही, डॉक्टरांनीही हात टेकले. वारा लागला की ठणकतो. कॉलेजात बोभाटा नको म्हणून मावशींशिवाय कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला तर वहिनींकडून कळलंच होतं.

मी खुर्ची पुढे ओढली. मग तो बोलला. एकोणीस वर्षांत एवढं सलग बोललेला मी ऐकला नव्हता. म्हणाला, सर, एक सांगायचं राहिलंय. कान गेला तेव्हा मी घाबरलो होतो. शेजारी तुम्ही, तुम्ही बोलणार आणि मला ऐकू येणार नाही, तुम्हाला किती वाईट वाटेल. तुमच्या त्या व्याख्यानालासुद्धा कर्णा नेमका उजव्या बाजूला, एक अक्षर नीट पोचलं नाही, म्हणून डोळा लागला, मला फार लाज वाटली. आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही काय केलंत, तर माझ्याशी बोलणंच बंद केलंत. मला सारखं 'काय? काय?' विचारावं लागू नये म्हणून. काही सांगायचं तर मावशींना पाठवायचात, त्या बरोबर या कानाशी येऊन सांगायच्या. माझी फजिती होऊ नये म्हणून माझ्याकडे बघायचंसुद्धा टाळायचात. मी घरी सांगितलं, इतका विचार सख्खा भाऊ करत नाही. मी आधीच आभार मानायला हवे होते, पण जीभ उचलेना. म्हणून फॉर्मवर तीनदा तुमचंच नाव लिहिलं. मला दुसरं कुणी नकोच होतं.

मग त्याने विचारलं की तुमचा बाण कुणाकडे होता. गुप्त असेल तर नका सांगू, म्हणाला.

मी म्हणालो, गुप्त आहे.

घंटा झाली. क्षमेचा भाग राहूनच गेला. बरं झालं.

१० डिसेंबर, संध्याकाळ

हिला विचारलं, भूगोलच्या कानाचं तुला माहीत होतं? ही हातातलं काम टाकून माझ्याकडे वळली. मग म्हणाली की मार्चमध्ये सांगितलं, ऑगस्टमध्ये सांगितलं, गेल्या महिन्यात सांगायला गेले तर तुम्ही हात वर केलात. अहो, त्याचा निदान एकच कान गेलाय, असं म्हणाली.

यावर प्रकरण चारमध्ये उत्तर देता येईल.

लाल शेऱ्याचा फॉर्म दप्तरात आहे. 'अवैध' खोडायला गेलो, तर शाई पुसेना.

१२ डिसेंबर

विचार केला. तो म्हणतो त्यात तथ्य असू शकतं. माझ्या मनात खोलवर तेच असणार. माणूस वरवर चिडलेला असतो, पण आत समजूतदारपणा काम करत असतो, त्याचं त्यालाच कळत नाही. असं हिला सांगून पाहिलं. ही इतकी हसली की तिला ठसका लागला.

कॉलेजात गेल्यावर मलाच ते टिकवता येईना. आठ महिने मी त्या माणसाच्या दुखऱ्या कानावर पंखा सोडत होतो. तो उठून स्वतः वाढवत होता. आणि हसत होता.

१३ डिसेंबर

भूगोल सर खाली आले. म्हणाले, वर फार त्रास होतो. इंग्रजी मॅडम आणि रसायन दोघं डाव्या बाजूला बसतात, दिवसभर बोलतात आणि सगळं ऐकू येतं. तुमच्या खोलीत एक खुर्ची मावेल का?

मी सांगितलं, सोशिओग्रामनुसार अवघड आहे, पण बघतो. तक्ता आता वर नेऊन लावलाय, तिथे कुणी नाही असं पाहून पेन्सिलने एक बाण काढला. सूचीकडून मध्यभागी. त्यांचा माझ्याकडे येणारा शाईने काढला.

१६ डिसेंबर

खुर्ची आली. मावशींनी विचारलं, कुठल्या बाजूला ठेवू. मी नीट विचार करून माझ्या उजवीकडे ठेवायला सांगितली, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे येईल. कान गेल्यापासून पहिल्यांदा माझं बोलणं शास्त्रशुद्ध पद्धतीने त्यांच्यापर्यंत पोचणार. चौथं प्रकरण घेऊन तयार बसलो.

भूगोल सर आले. खुर्चीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. काही न बोलता खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घातला आणि माझ्या डावीकडे ठेवली. बसले. पोटावर हात बांधले, डोळे मिटले.

मी वाचलं. 'ऐकणे म्हणजे केवळ कानांनी ऐकणे नव्हे.' पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. त्यांनी मान डोलावली, आणि ती तशीच हळूहळू छातीवर टेकली. घोरणं सुरू झालं.

मावशी दारात होत्या. काही निरोप आहे का, असं विचारलं. नाही म्हणालो, आणि उठून पंखा कमी केला.